म्हातारपण त्यांनाही येते



मागच्या वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे त्या दिवसाचे वाचन संपले, खीर वाटून झाली आणि माणसे घरी निघाली. एक आजी मात्र विहाराच्या पायरीवर बसून राहिल्या. वय ७८. शेजारी त्यांचा ५४ वर्षांचा मुलगा. वस्तीत त्याला अजूनही सगळे ‘बाळ’ म्हणतात. केस पांढरे झाले, पुढचे दात पडले, तरी बाळच. आजी म्हणाल्या, “आजवर याला मी धुतलं, मी भरवलं. आता माझेच हात थरथरतात. मी गेल्यावर याला घोटभर पाणी कोण पाजणार, तेवढं सांगा.” आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आले नाही.

हे आरोग्याचे पान आम्ही काही जणी मिळून लिहितो. आमच्यात सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर आहेत, आशाताई आहेत, महिला मंडळाच्या कार्यकर्त्या आहेत. आजींच्या प्रश्नानंतर आम्ही वस्तीत अशी आणखी घरे आहेत का ते पाहू लागलो. वाटले होते त्याहून जास्त निघाली. जवळजवळ प्रत्येक घरात चित्र एकच होते. पन्नाशी-साठीचा मुलगा किंवा मुलगी, जिची समज लहानपणापासून कमी आहे, आणि तिला सांभाळणारी एकच थकलेली बाई. आई, नाहीतर बहीण, नाहीतर भावजय.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. या माणसांचे म्हातारपण ही एका घराची, त्यातही एका बाईची, खासगी अडचण नाही. ती विहाराची, वस्तीची आणि सरकारची जबाबदारी आहे. आणि त्यांची शुश्रूषा हे दयेचे काम नसून शिकून करायचे काम आहे.

आधी शब्द सुधारू

आजींच्या मुलाला आम्ही या लेखात ‘काका’ म्हणणार आहोत, कारण ५४ वर्षांच्या माणसाला वस्तीत काकाच म्हणतात. ‘वेडा’, ‘खुळा’, ‘येडं’ हे शब्द आपल्या तोंडात इतके बसले आहेत की त्यांचा मार कुणाला लागतो हे आपल्या लक्षातच येत नाही. जातीच्या नावाने हाक मारली की काय वाटते हे ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या सोसले, त्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

ज्याला पूर्वी ‘मतिमंद’ म्हणत, त्याला आता बौद्धिक अक्षमता म्हणतात. हा मानसिक आजार नव्हे. मानसिक आजार कोणत्याही वयात होऊ शकतो आणि उपचाराने बरा होऊ शकतो किंवा आटोक्यात येऊ शकतो. बौद्धिक अक्षमता जन्मापासून किंवा वाढीच्या वयापासून असते. शिकायला, हिशेब करायला, स्वतःचे रोजचे व्यवहार सांभाळायला त्या माणसाला जास्त वेळ आणि जास्त मदत लागते. २०११ च्या जनगणनेत देशात असे सुमारे १५ लाख लोक नोंदले गेले.

पूर्वी यातली बरीच मुले लहानपणीच न्यूमोनियाने, हृदयाच्या दोषाने किंवा फिट येऊन दगावत. औषधे आणि शस्त्रक्रिया सुधारल्या तशी ती जगू लागली. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचे सरासरी आयुष्य पाश्चात्त्य देशांत १९८० च्या सुमारास २५ वर्षे होते, आता ते ६० च्या आसपास गेले आहे. आपल्याकडेही ही मुले आता म्हातारी होऊ लागली आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण त्यांच्या म्हातारपणाची तयारी ना घराने केली, ना दवाखान्याने.

“मागच्या जन्माचे पाप” हे उत्तर आपले नाही

घरोघर फिरताना एक वाक्य आम्हाला बौद्ध घरांतही ऐकू आले : “काय करणार, मागच्या जन्माचं असेल काहीतरी.” बाबासाहेबांनी ज्या ग्रंथाचे आपण वर्षावासात वाचन करतो, त्याच ग्रंथात त्यांनी हा विचार खोडून काढला आहे. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते असे मानले, तर गरिबाच्या गरिबीला आणि अस्पृश्याच्या अस्पृश्यतेलाही तोच जबाबदार ठरतो. हाच युक्तिवाद आपल्यावर शेकडो वर्षे वापरला गेला. तो आपण आपल्याच लेकरावर वापरू नये.

बौद्धिक अक्षमतेची कारणे शरीरात असतात. गुणसूत्रांतील फरक, बाळंतपणात मेंदूला प्राणवायू कमी पडणे, लहानपणचा मेंदूज्वर, नवजात बाळाची वाढलेली कावीळ, जन्मतःच थायरॉइड कमी असणे, गरोदरपणी आयोडिनची कमतरता. पुष्कळदा कारण सापडतही नाही. पण आईचे पाप हे कारण कधीच नसते. भगताकडे, अंगाऱ्या-धुपाऱ्याकडे घालवलेला पैसा आणि वेळ औषधाला लागला असता, एवढेच त्या बाबतीत म्हणता येईल.

“तो असाच आहे” या वाक्याने माणसे मरतात

गेल्या उन्हाळ्यात काकांनी जेवण सोडले. रात्री ओरडू लागले, स्वतःच्या गालावर बुक्क्या मारू लागले. आजींनी शेजारच्या पोराला सोबत घेऊन त्यांना रिक्षाने एका मोठ्या दवाखान्यात नेले. तिथे कुणी तोंड उघडून पाहिले नाही. “असे पेशंट असेच करतात,” म्हणून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी काका दिवसभर गुंगीत राहू लागले आणि मोरीत पडले. तिसऱ्या आठवड्यात आमच्यातल्या एका सिस्टरने बॅटरी लावून तोंडात पाहिले. मागच्या दाढेखाली पू झाला होता. दाढ काढली, चार दिवसांत काका जेवू लागले आणि बुक्क्या थांबल्या.

काका वेडेपणा करत नव्हते. त्यांना “दाढ दुखते” हे सांगता येत नव्हते, म्हणून ते जिथे दुखत होते तिथे मारत होते.

हे फक्त आपल्या गरीब वस्त्यांत होते असे नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या मृत्यूंची चौकशी झाली आणि २०१३ साली तिचा अहवाल आला. अशा स्त्रिया इतर स्त्रियांपेक्षा सरासरी २० वर्षे आणि पुरुष इतर पुरुषांपेक्षा १३ वर्षे आधी मरतात, असे त्यात दिसले. कारणांमध्ये अक्षमतेपेक्षा आजार उशिरा ओळखणे, उपचार उशिरा होणे, घरच्यांचे न ऐकणे हीच जास्त होती. श्रीमंत देशात ही गत, तर आपल्या केसपेपरच्या रांगेत काय होत असेल?

म्हणून पहिला नियम हा : वागण्यात अचानक बदल झाला, तर तो दुखण्यामुळे आहे असे धरून चाला. जेवण सोडणे, मारणे, रडणे, एका जागी बसून राहणे, झोप उडणे, अंथरुण ओले करू लागणे, यांतले काहीही नवीन सुरू झाले तर आधी दात, कान, पोट, लघवी, पाय आणि एखादी लपलेली जखम तपासा. “स्वभाव आहे” हे सगळ्यात शेवटी म्हणा.

घरच्या शुश्रूषेत काय पाहावे

*गिळणे.* वय वाढते तसे गिळणे कमजोर होते. जेवताना ठसका लागतो, जेवल्यावर आवाज घोगरा-पाणावल्यासारखा होतो, वरचेवर ताप आणि कफ होतो. अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो आणि त्यातच ही माणसे दगावतात. आडवे ठेवून कधीही भरवू नका. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आणि पहिला घास गिळल्यावरच दुसरा. जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवा. मऊ भात-वरण, पेज, कुस्करलेली भाकरी द्या. शेंगदाणे, फुटाणे, कोरडा पाव, मटणाचा तुकडा तसाच हातात देऊ नका. लग्नात आणि जयंतीच्या जेवणावळीत प्रेमाने कुणीतरी तोंडात घास कोंबते आणि घात होतो. ठसका रोजचाच झाला असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा.

*पोट साफ होणे.* हा विषय बोलायला लाजू नका. कमी हालचाल, कमी पाणी आणि फिटच्या किंवा झोपेच्या काही गोळ्या यांनी शौच अडते. तीन दिवस झाले नाही, पोट फुगले, उलटी झाली तर दवाखाना गाठा. आतडे अडून जीव जाऊ शकतो. एक फसवी खूण लक्षात ठेवा. घट्ट खड्याच्या कडेने पातळ मळ गळत राहतो. घरचे म्हणतात जुलाब झाले आणि जुलाब थांबवायची गोळी देतात, त्याने उलट बिघडते. कॅलेंडरवर रोज एक खूण करा : आज झाले की नाही.

आपल्या वस्तीत यात आणखी एक अडचण आहे. संडास सार्वजनिक, लांब, रात्री अंधार, दारात पाणी. म्हातारा माणूस तिथे जायला घाबरतो आणि म्हणून पाणीच कमी पितो. एक कमोडची खुर्ची घरात आली की निम्मा त्रास कमी होतो.

*फिट.* फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कपडा ठेवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. वेळ पाहा. पाच मिनिटांहून जास्त चालली किंवा एकामागून एक आली तर लगेच हॉस्पिटल. गोळ्या एकदम बंद करू नका. फेनिटॉइन वर्षानुवर्षे चालू असेल तर हिरड्या सुजतात, हाडे ठिसूळ होतात, तोल जातो. गोळ्या स्वतः बदलू नका, पण वर्षातून एकदा त्यांचा फेरविचार करायला डॉक्टरांना सांगा.

*डोळे, कान, पडणे.* कानातल्या मळाने बहिरेपणा येतो आणि घरचे म्हणतात “आता ऐकतच नाही.” मोतीबिंदू होतो आणि घरचे म्हणतात “आता भिंतीला धडकतो.” दोन्हींवर उपाय आहे. चाळिशीनंतर दरवर्षी डोळे-कान तपासून घ्या. माळ्यावर झोपवू नका. शिडीवरून पडून खुबा मोडला की पुढचे आयुष्य खाटेवर जाते.

*खाटेवर खिळल्यास.* दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, खुबे, टाचा रोज पाहा. लाल डाग दाबूनही फिका पडत नसेल तर जखमेची सुरुवात आहे. तिथे चोळू नका, त्या जागेवरचा भार काढा. चादरीला सुरकुती आणि अंगाखाली ओल राहू देऊ नका.

*डाऊन सिंड्रोम असेल तर.* थायरॉइडची तपासणी दरवर्षी करा. आणि एक गोष्ट नीट समजून घ्या. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. अल्झायमर आजारात मेंदूत जो पदार्थ साठतो, तो बनवणारे जनुक याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशीपर्यंत त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत तसे बदल दिसू लागतात आणि पुढे बहुतेकांना स्मृतिभ्रंश होतो, इतरांपेक्षा वीस-तीस वर्षे आधी.

आमच्या पाहण्यातली एक ताई, वय ४८, आयुष्यभर घरातली भांडी लखलखीत घासायची. ती एकाएकी भांडी हातात घेऊन नुसती बसू लागली, घरातलाच रस्ता चुकू लागली, मग तिला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली. कुणी “बाहेरचं लागलं” म्हणाले. तो स्मृतिभ्रंश होता. पण तसे ठरवण्याआधी थायरॉइड, बी-१२, कान, डोळे, दुखणे आणि उदासी हे तपासायला हवे, कारण या सगळ्यांवर इलाज आहे. आम्ही घरच्यांना सांगतो की तिशीनंतर एका वहीत लिहून ठेवा : कपडे स्वतः घालते का, चहा करते का, कुणाकुणाची नावे सांगते. पुढे काय गमावले हे ओळखायला आधी काय येत होते ते माहीत पाहिजे.

*बायांचे आजार.* तिची पाळी कधी बंद झाली, छातीत गाठ आहे का, अंगावरून जाते का, हे कुणी पाहत नाही. “तिला काय करायचंय ते” असे म्हणून तिचे बाईपणच नाकारले जाते. आंघोळ घालताना छाती आणि काख हाताने पाहा. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर तपासणी करून घ्याच.

तो माणूस आहे, ओझे नाही

शुश्रूषेत गोळ्यांइतकीच अब्रू महत्त्वाची असते. ५४ वर्षांच्या माणसाला दारात उघडे करून आंघोळ घालू नये. मोरीला पडदा लावावा. अंगाला हात लावण्याआधी “आता पाठ धुते हं काका” असे सांगावे. कोणता शर्ट घालायचा, आधी काय खायचे, हे विचारावे. उत्तर बोलून मिळणार नाही, कदाचित बोटाने किंवा नजरेने मिळेल. ते ऐकायची सवय आपल्याला करायची आहे.

खाटेला बांधणे, खोलीत कोंडून कामाला जाणे हे घरोघर होते. आम्ही दोष देत नाही. धुणीभांडी केल्याशिवाय चूल पेटत नाही हे आम्हाला माहीत आहे. पण आग लागली, फिट आली तर बांधलेला माणूस वाचत नाही. आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर, विशेषतः तिच्यावर, अत्याचार करणारा बहुधा ओळखीचाच असतो. एखाद्या माणसाजवळ जायला ती घाबरत असेल, अंगावर खुणा असतील, तर तिच्यावर विश्वास ठेवा.

आणखी एक गोष्ट. घरात आई वारली की या लेकराला शेजारी पाठवून देतात. “त्याला काय कळतं!” मग तो महिनोन् महिने दाराकडे बघत बसतो, जेवत नाही. त्याला साध्या शब्दांत सांगा : आई मेली, आता येणार नाही. त्याला अंत्ययात्रेला न्या. जलदान विधीला पुढे बसवा, आईच्या फोटोला फूल त्याच्या हाताने वाहू द्या. अनित्यता आपण सगळ्यांना सांगतो, मग त्यालाच का वगळायचे?

संस्थेत ठेवावे का?

“एखाद्या संस्थेत टाका” असा सल्ला देणारे पुष्कळ असतात. घरात करणारे कुणीच उरले नसेल तर चांगल्या संस्थेत ठेवणे हे पाप नाही. पण ‘टाकू’ नका. दर महिन्याला जा, अंग पाहा, वजन पाहा, कोणत्या गोळ्या देतात ते विचारा. १९९४ साली पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील काही मतिमंद मुलींची गर्भाशये काढून टाकण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिले गेले. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबले. त्या मुली आज उतारवयाकडे आल्या असतील. ज्याच्या मागे विचारणारे कुणी नसते, त्याच्या बाबतीत निर्णय सोयीने घेतले जातात. हे आपल्या समाजाला नवीन नाही.

कागद आजच करा

बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानाच्या कलम ४१ मध्ये वार्धक्य, आजार आणि विकलांगता या अवस्थांत नागरिकाला सहाय्य करण्याची दिशा राज्याला घालून दिली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती पुढे नेली. कायदा कपाटात राहतो, कागद असला तरच तो घरात येतो. म्हणून आई-वडील हयात असतानाच ही कामे करा :

१. दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड. सरकारने नेमलेल्या रुग्णालयात तपासणी होते. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा जास्त अक्षमता लागते. पन्नाशी उलटली तरी दाखला काढता येतो, वयाची आडकाठी नाही.

२. कायदेशीर पालक. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते, आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालक नेमते. आईनंतर कोण, हे तिच्या हयातीत, सर्व भावंडांना बसवून ठरवा.

३. निरामय आरोग्य विमा. राष्ट्रीय न्यासाची ही योजना बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि आधीपासून आजार आहे म्हणून नाकारत नाहीत. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका.

४. मासिक अनुदान. ६५ वर्षांपर्यंत संजय गांधी निराधार अनुदान योजना, त्यानंतर श्रावणबाळ योजना. उत्पन्नाची अट आहे. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. हयातीचा दाखला वेळेवर द्या.

५. कुटुंब निवृत्तिवेतन. ही माहिती आपल्या समाजात फार कमी घरांना आहे, म्हणून जोर देऊन सांगतो. वडील किंवा आई रेल्वेत, केंद्र किंवा राज्य सरकारच्या नोकरीत असतील, तर कमावू न शकणाऱ्या बौद्धिक अक्षम अपत्याला आई-वडिलांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते, वय कितीही असो. मूळ कार्यालयात त्याचे नाव आणि वैद्यकीय दाखला आजच नोंदवा. कारखान्यातील भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतही पूर्ण व कायम अपंग अपत्यासाठी तरतूद आहे. वडील गेल्यावर दहा वर्षांनी हे कळले आणि कागदच सापडले नाहीत, अशी घरे आम्ही पाहिली आहेत.

२०१६ च्या कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत. कलम २५ प्रमाणे दवाखान्यात दिव्यांग व्यक्तीला तपासणी आणि उपचारात प्राधान्य द्यायचे आहे. ओपीडीच्या खिडकीवर यूडीआयडी कार्ड दाखवून ते मागा, ही मेहेरबानी नाही. आणि कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. आम्ही पाहिलेल्या एकाही घरात तो पोचलेला नाही. तो मागणे हे आता आपल्या निवेदनांत यायला हवे.

परिचारिकांकडून आणि सरकारकडून अपेक्षा

इंग्लंड आणि आयर्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांची शुश्रूषा ही नर्सिंगची स्वतंत्र शाखा आहे, तिची वेगळी नोंदणी होते. इंग्लंडमध्ये १४ वर्षांवरील अशा व्यक्तीला दरवर्षी पूर्ण आरोग्य तपासणी देऊ केली जाते. आपल्याकडे अशी वेगळी शाखा नाही. आमच्यातल्या सिस्टर सांगतात की सबंध नोकरीत त्यांना या विषयाचे एक दिवसाचेही प्रशिक्षण मिळाले नाही. आरोग्य केंद्रातल्या परिचारिकांना आणि आशाताईंना हे प्रशिक्षण मिळावे, आणि अशा प्रत्येक व्यक्तीची वर्षातून एकदा घरी येऊन तपासणी व्हावी, ही आमची मागणी आहे.

तोवर आपण एक करू शकतो. प्रत्येक घरात एक शंभर पानी वही ठेवा. पहिल्या पानावर लिहा : हो-नाही कसे सांगतात, दुखले की काय करतात, कशाला घाबरतात, कसे जेवतात, गोळ्या कोणत्या, कशाची ॲलर्जी, फोन कुणाला करायचा. दवाखान्यात भरती करताना ही वही सिस्टरच्या हातात द्या. आई सोबत नसली तरी वही बोलेल.

विहार काय करू शकतो

“हे सरकारचे काम आहे, विहाराचे नाही,” असे आमच्याच एका बैठकीत एक बंधू म्हणाले. सरकारकडे मागायचे ते आम्ही वर मागितलेच आहे. पण धम्म काय सांगतो?

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनीही तो आपल्या ग्रंथात घेतला आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी पडून स्वतःच्याच घाणीत पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे जात नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले. मग भिक्खूंना जवळ बोलावून समजावले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे गुणही त्यांनी सांगितले : औषध तयार करता येणे, काय मानवते आणि काय नाही हे जाणणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र-थुंकी-ओकारीची किळस न करणे, आणि चार चांगल्या शब्दांनी धीर देणे. नर्सिंगच्या शाळेत पहिल्या वर्षी जे शिकवतात, ते हेच आहे.

लक्षात घ्या, तो भिक्खू ‘उपयोगाचा नाही’ म्हणून एकटा पडला होता. काकांचेही तेच झाले आहे.

चूळपंथकाची गोष्टही आपण मुलांना सांगतो. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना म्हणून सख्ख्या मोठ्या भावाने त्याला संघातून जायला सांगितले. तथागतांनी त्याच्या हातात एक पांढरा कपडा दिला आणि तो चोळत राहायला सांगितले. मळणाऱ्या कपड्याकडे पाहत पाहत त्याला जे समजायचे ते समजले. आमच्या दृष्टीने या गोष्टीचा अर्थ एवढाच की दोष शिकणाऱ्यात नव्हता, शिकवण्याच्या रीतीत होता.

म्हणून प्रत्येक विहाराने या वर्षी चार गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवतो.

एक : वस्तीतील अशा प्रत्येक व्यक्तीची यादी आणि वर दिलेल्या पाच कागदांची तपासणी. शिकलेल्या मुला-मुलींनी एक रविवार द्यावा.

दोन : जयंतीच्या वर्गणीतला काही भाग बाजूला काढून विहारात एक चाकाची खुर्ची, एक कमोडची खुर्ची आणि एक हवेची गादी. ज्या घराला लागेल त्याने न्यावी, गरज संपली की परत आणावी. एका रात्रीच्या डीजेला जे जाते त्यात हे सहज बसते.

तीन : पाळी. आठवड्यातून दोन दुपारी, दोन-दोन तास, दोघी जणींनी जाऊन बसावे. तेवढ्यात ती आई झोपेल, स्वतःचा बीपी तपासून घेईल, बहिणीकडे जाऊन येईल. आणि फक्त दोघी का? पुरुष रुग्णाला आंघोळ घालायला, उचलायला पुरुष हवेत. शुश्रूषा बायकांचेच काम आहे असे पंचशीलात कुठेही नाही. प्लेगच्या साथीत आजाऱ्यांची सेवा करता करता १८९७ साली सावित्रीबाई गेल्या. त्यांच्यासोबत त्यांचा मुलगा डॉक्टर यशवंतही त्या सेवेत होता.

चार : आपल्या समाजातल्या ज्या मुली-मुले नर्सिंग शिकून मोठ्या दवाखान्यांत लागली, त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ विहारात येऊन कूस कशी बदलायची, कसे भरवायचे, फिट आल्यास काय करायचे हे हाताने करून दाखवावे.

आमच्या विहाराने यातली पहिली आणि तिसरी गोष्ट सुरू केली आहे. यादी झाली, पाळी अजून अडखळत चालते. कधी कुणी येत नाही, कधी दोघी ऐवजी एकच येते. तरी आजी आता मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन तास झोपतात. परवा एक तरुण मुलगा काकांची दाढी करून गेला. जाताना म्हणाला, “काका, पुढच्या आठवड्यात येतो.” काका दारापर्यंत उठून आले.

आजींच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजून आमच्याकडे नाही. पण आता तो प्रश्न त्या एकट्यांचा राहिलेला नाही. तुमच्या वस्तीत अशी आजी कोण आहे, हे या रविवारच्या वंदनेनंतर एकमेकांना विचारा.

भवतु सब्ब मंगलं.